आईच्या पावलांना लिंबू

लोक मुलीचे हात पिवळे करतात. मी आईचे पाय पिवळे केले. तेही तिच्या लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेल्यावर, एका रविवारी, स्वयंपाकघरातल्या अर्ध्या लिंबानं.

घाबरू नका. आई ठणठणीत आहे. गावी बिडकीनला माझ्या थोरल्या भावाकडं, भास्करदादाकडं असते आणि घरातल्या सगळ्यांना धारेवर धरून सुखात आहे. पाय म्हणजे पावलांचे ठसे. आई नवी नवरी होऊन घरात आली तेव्हा आजीनं दारात परातीत कुंकवाचं पाणी ठेवलं होतं आणि पुढं आजोबांच्या धोतराचं पांढरं कापड अंथरलं होतं. आई परातीत पाय बुडवून त्या कापडावरून आत आली. पाहुणे जेवून गेले, मांडव उतरला, बाकीच्या कापडाची फडकी झाली. पण पहिल्या दोन पावलांचा तुकडा आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, गुपचूप फाडून घेतला आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवला. हा माणूस जन्मात कधी आईला 'भाजी बरी झाली' म्हणाला नाही! ते गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा तो तुकडा निघाला. आईनं तो मांडीवर पसरला. "माणूस बोलायचा नाय," एवढंच म्हणाली, "पण ठेवलं बघ."

आम्ही शहरात, गारखेड्यात फ्लॅट घेतला तेव्हा आईनं तो तुकडा माझ्या हातात दिला.

"दिगू, ह्याची चांगली फ्रेम करून घे. तुझ्या हॉलमधी लाव. पण कापडाला काय झालं तर बघ! उचलून दादाच्या घरी नेईन, अन् तुझ्या दारात पुन्यांदा पाय ठेवायची नाय."

"आई, ह्याला कशाला देती?" दादा कळवळला. "ह्यानं मागं मिक्सर दुरुस्त केला तर अख्ख्या गल्लीची लाईट गेली!"

(अख्ख्या गल्लीची नाही. फक्त आमच्या बाजूची. पण दादाला विज्ञानातलं काय कळणार? मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो.)

झालं! आता प्रश्न इज्जतीचा होता. मी मोबाईलवर फ्रेमिंगचा अभ्यास सुरू केला. जेवताना व्हिडिओ, चहा पिताना व्हिडिओ. त्यातून मला असं कळलं की साध्या फ्रेममधला पुठ्ठा हा घरातला साप असतो. त्यात ॲसिड असतं, ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि कागद असो की कापड, खाऊन टाकतं. म्हणून पुठ्ठा हवा तो ॲसिड-फ्री. मी हा शब्द घरात इतक्या वेळा उच्चारला की माझी बायको सुनंदा भाजीवाल्याला म्हणाली, "टोमॅटो ॲसिड-फ्री आहेत का बघा, नाहीतर आमचे हे खायचे नाहीत."

पहिला मोर्चा शहागंजात. तिथं रशीदभाईंचं जुनं दुकान आहे. भिंतीवर सगळे देव, सगळे पीर, लग्नातले नवरा-नवरी आणि कुणाकुणाच्या पदव्या, एकाच खिळ्यांच्या रांगेत गुण्यागोविंदानं लटकलेल्या. मी रुबाबात विचारलं, "भाई, तुमच्याकडं ॲसिड-फ्री मिळेल का?"

रशीदभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "साब, हमारे कने फ्री में कील बी नै मिलती. और ॲसिड होना तो बाजू में बैटरीवाला है, उसकू पूछो."

"फुकट नाही हो! ज्यात ॲसिड नाही असा पुठ्ठा!"

"पुठ्ठे में ॲसिड कायकू डालेंगे, साब? दुश्मनी है क्या?"

मी याच क्षणाची वाट पाहत होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतून लिटमसच्या निळ्या पट्ट्या आणल्या होत्या. एक ओली केली, त्यांच्या पुठ्ठ्यावर दाबली आणि थोड्या वेळानं उचलून विजयी मुद्रेनं दाखवली. पट्टी गुलाबी झाली होती.

"बघा! ॲसिड!"

रशीदभाईंनी पट्टीकडं पाहिलं, मग दुकानातल्या गिऱ्हाइकांकडं पाहिलं. "कागज इनका, पानी इनका, लाल हुआ तो गुन्हा मेरा!"

सगळं दुकान हसलं. मी तरी नेट धरून विचारलं, "बरं, कापड बसवणार कसं?"

"गोंद से. ऐसा पक्का चिपकाऊंगा, कयामत तक नै निकलेगा."

"पण निघायला पाहिजे ना! चांगल्या फ्रेममधली वस्तू कधीही जशीच्या तशी परत निघाली पाहिजे."

"निकालनाच है तो चिपकाते कायकू, साब? ट्रंक में थी ना? वापस ट्रंक में रखो!"

मी 'सोचता हूं' म्हणून सटकलो.

दुसरी स्वारी एका चकचकीत शोरूमवर. आत एसी, खुर्च्या, कोपऱ्यात पाण्याचं कारंजं. तिथल्या गुळगुळीत इसमानं कापड उलगडायच्या आधी विचारलं, "सर, सोफ्याचा कलर काय आहे?"

"तपकिरी. का?"

"मग ब्राऊन-गोल्ड जाईल. आणि ही साईज ऑड आहे. आपण काय करू, पाच-पाच बोटं तर दिसतात ना छान? टाचा कट करू."

माझ्या आईच्या टाचा कट! सोफ्यासाठी! मी कापड छातीशी धरून बाहेर आलो ते थेट रस्त्याच्या पलीकडं जाऊनच थांबलो. सुनंदा तिथं स्कूटरवर माझी वाट बघत बसली होती. म्हणाली, "काय झालं? कुत्रं लागलं का मागं?"

शेवटी शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी सिडकोतली प्रज्ञा सुचवली. तिशीतली पोरगी, जुन्या चित्रांच्या नि कापडांच्या फ्रेमा करते. घराच्या पुढच्या खोलीतच काम. मी लिटमसच्या पट्ट्या खिशात ठेवूनच गेलो होतो. परीक्षा घ्यायची सवय सहज सुटत नाही. पण इथं उलटंच झालं. परीक्षा माझीच सुरू झाली!

"कापड कशात ठेवलं होतं, सर?"

"ट्रंकेत."

"भिंत कुठली? ऊन येतं? मागच्या बाजूला बाथरूम आहे?"

"आँ? नाही... म्हणजे, बघावं लागेल."

"बघून सांगा. ओल असेल तर तिथं लावायचं नाही. मी गोंद वापरत नाही. मागं सुती पुठ्ठा असेल, त्यावर कापड बारीक टाक्यांनी धरेन. काच कापडाला टेकणार नाही. उद्या कुणाला बाहेर काढावंसं वाटलं तर टाके उसवले की काम झालं."

मी हळूच पट्टी ओली करून तिच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दाबली. पट्टी निळीची निळीच राहिली. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ तिला शंभरपैकी शंभर देणार होतो. तिनं मात्र कापडावर बोट न टेकवता एक जागा दाखवली. उजव्या अंगठ्याच्या जवळ ट्रंकेचा गंज लागून एक तपकिरी डाग पडला होता.

"हा असू द्या," ती म्हणाली. "जुन्या कापडाला असतातच. सोमवारी घेऊन या, आधीचं काम हातावेगळं करते. तोवर घरी काही करायचं नाही. धुवायचं नाही, इस्त्री नाही, डागाला हात नाही."

मी जरा दुखावलो. "अहो, मी विज्ञानाचा शिक्षक आहे."

"म्हणूनच सांगते, सर."

शनिवारी दादाचा फोन आला. आईला घेऊन उद्या संध्याकाळी येतो. सोमवारी आई स्वतः येणार आणि आपले पाय कुणाच्या हवाली होताहेत ते डोळ्यांनी बघणार. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग रविवार उजाडला, सुनंदा बहिणीकडं गेली आणि मी घरात एकटा राहिलो.

तुम्ही पाहिलं असेल, भांडी घासायला बाई येणार म्हटलं की आपल्या बायका आधी भांडी विसळून ठेवतात. 'ती काय म्हणेल' म्हणून! माझं अगदी तसंच झालं. तो गंजाचा डाग मला खायला उठला. एवढी हुशार पोरगी, तिच्या हातात असं डागाळलेलं कापड द्यायचं? आणि गंज घालवणं म्हणजे काय मोठं! लिंबू आणि मीठ. बस्स. एक टिपूस, अगदी डागाच्या मधोमध. कापसाच्या काडीनं. शास्त्रीय पद्धतीनं!

मी लिंबू कापलं. काडी बुडवली. श्वास रोखून टिपूस डागावर ठेवलं. वर चिमूटभर मीठ.

डाग ढिम्म हलला नाही. पण धोतराचं जुनं कापड ते! तहानलेल्या म्हशीसारखं त्यानं लिंबू शोषलं. ओल सरकत सरकत निघाली आणि आईच्या अंगठ्यापर्यंत पोचली. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो लाल अंगठा पिवळा झाला.

फिका नाही. पुसट नाही. पिवळाधम्मक!

"अगं आई गं!" मी ओरडलो. (हाक योग्य व्यक्तीलाच मारली, पण वेळ चुकली.) टिपकागद म्हणून वर्तमानपत्र दाबलं. ओल आणखी पसरली. शेजारचं बोट पिवळं. सुनंदाचा हेअर ड्रायर आणला, तर गरम हवेनं ओल वाळायच्या आधी पुढं पळाली. तिसरं बोट पिवळं. पाणी लावावं तर आणखी पसरणार, न लावावं तर लिंबू आत मुरणार. मी टेबलाभोवती प्रदक्षिणा घालू लागलो. पुठ्ठ्यात नखाएवढं ॲसिड आहे म्हणून मी अख्खं शहागंज नापास करून आलो होतो, आणि घरी येऊन आईच्या पायावर चक्क लिंबू पिळलं होतं!

सगळ्यात कहर म्हणजे मला कारणच कळेना. हळद असती तर मी झोपेतही सांगितलं असतं. हळदीचा प्रयोग दरवर्षी वर्गात करतो. पण आमच्या घराण्यात पन्नास वर्षं 'कुंकवाची पावलं' म्हणत आलेत. बाजारचं कुंकू म्हणजे नुसता रंग, ते पिवळं का व्हावं? काही सुचेना तेव्हा मला वाटलं, कोप झाला.

सुनंदा आली. तिनं कापड पाहिलं, लिंबू पाहिलं, ड्रायर पाहिला, माझं तोंड पाहिलं.

"त्या प्रज्ञानं काय सांगितलं होतं?"

"काही लावायचं नाही."

"मग?"

"थोडंसंच लावलं."

"अहो, तुम्हाला शाळेत ठेवतात तरी कसे!"

"सुनंदा, मी आपला थोडा खाण्याचा सोडा लावून..."

"हात पाठीमागं घ्या!" ती अशी ओरडली की मी खरंच हात पाठीमागं घेतले. आणि तेवढ्यात बेल वाजली.

बिडकीनहून निघालेला माणूस ठरल्या वेळेच्या आधी पोचल्याचं आमच्या खानदानात उदाहरण नाही. त्या दिवशी ते घडलं. दारात आई, मागं पिशव्या घेतलेला दादा. मी दोन्ही हात पसरून टेबलापुढं उभा राहिलो.

"आई! चहा घे! पाणी घे! झोप थोडा वेळ!"

"काय रं, अंगात आलंय का?" आईनं तोंडातलं पान गालात सरकवलं. "सरक तिकडं. कापड कुठंय?"

"ते... फ्रेमवाल्याकडं."

"मग मागं काय झाकलंय?"

मी सरकलो. दुसरं करणार काय? आई टेबलाशी आली, चष्मा लावला आणि वाकली. दादाच्या हातातली पिशवी हळूहळू जमिनीवर आली.

"मी सांगत नव्हतो?" दादा कुजबुजला. "मी सांगत नव्हतो, आई?"

अण्णांनी इतकी वर्षं जपलेली एकुलती एक गोष्ट, आणि मी ती एका दुपारी घालवली होती. पन्नाशीला आलेला माणूस मी, पण सगळ्यांसमोर माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आई, चुकलो गं. लिंबू लावलं. डाग काढायला गेलो."

आईचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. दादाला वाटलं, चक्कर आली. तो खुर्ची घेऊन धावला. आई त्या खुर्चीत बसली आणि पोट धरधरून हसायला लागली!

"पिवळं झालं व्हय! व्हायचंच! अरं, कुंकू कुठंय ते?"

"म्हणजे?"

"तुझी आजी लई चेंगट बाई! 'पायाखाली इकतचं कुंकू घालून नासायचं व्हय?' म्हणाली. हळद घेतली, त्यात चुना कालवला, झालं लाल पाणी! मी डोळ्यांनी बघितलं ना दारात उभी राहून. पदराआड हसू दाबता दाबता जीव गेला माझा. पहिल्याच दिवशी सासूनं मला चुना लावला बघ!"

"हळद!" मी किंचाळलो. "हळद आणि चुना! अगं, मग हे... हे तर अगदी साधं आहे! चुन्यानं लाल, लिंबानं पिवळी! पुन्हा चुना लागला की पुन्हा लाल! हे मी दरवर्षी शिकवतो!"

"शिकवतोस?" दादा म्हणाला. "पोरं पास होतात?"

आईनं कमरेची पानाची चंची सोडली, चुन्याची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. सुनंदानं वाटीत चुना पाण्यात ढवळला, खाली बसू दिला, वरची निवळी घेतली. मी काडीकडं हात नेला तर तिघांनी एकदम "तू नाय!", "तुम्ही नाही!" केलं. मग आईनंच काडी घेतली. तिनं स्वतःच्या अठराव्या वर्षाच्या अंगठ्याला निवळी लावली. पिवळा रंग क्षणभर थांबला आणि लाल झाला. मग दुसरं बोट. मग तिसरं. मला वाटलं आता मी पुन्हा रडणार, आणि रडलोच. पण आता सगळेच हसत होते, त्यामुळं कुणाचं लक्ष गेलं नाही.

एकच भानगड झाली. निवळी अंगठ्याला जरा सढळ पडली. बाकीची पावलं पन्नास वर्षांची, विटकरी झालेली. आणि उजवा अंगठा मात्र कालच लग्न झाल्यासारखा लालभडक. आई मजेत बघत बसली. मग तिनं चपलेतून आपला सुजरा पाय काढला, टेबलाखाली पुढं केला आणि एकदा त्याच्याकडं, एकदा कापडाकडं पाहिलं. "एवढुसा होता की गं माझा पाय, सुनंदा," म्हणाली. "त्यांना दिसला असंल तवा."

दादानं घसा खाकरला. "बरं, मग हे आता बिडकीनला न्यायचं ना? ठरलं होतं तसं?"

मी मान खाली घातली. ठरलं तर तसंच होतं.

"राहू दे इथंच," आई म्हणाली. "ह्याच्या डोळ्यांसमोर असलेलं बरं. रोज बघंल."

सोमवारी आम्ही चौघं सिडकोत. प्रज्ञानं कापड उलगडलं आणि तिची भुवई वर गेली.

"सर, अंगठा बदललाय."

"तसं काही नाही, प्रकाशामुळं..."

"ह्यानं आधी लिंबू लावलं, वर मीठ टाकलं, अन् मग मी चुना लावला," आईनं एका दमात सांगून टाकलं. "खाली हळद हाय."

प्रज्ञानं डोळे मिटले. मग उघडले. "लिंबू, मीठ, हळद... सर, तुम्ही लोणचं घालत होतात का?"

तिनं मग ते कापड कसं निस्तरलं ते मला माहीत नाही. तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. फ्रेम होईपर्यंत मला त्या खोलीत यायलाच बंदी होती. पण काम झालं ते देखणं. साधी शिसवी चौकट, सुती पुठ्ठा, काचेच्या आत मोकळी हवा, मागच्या भिंतीला ओल नाही, ऊन नाही. बोटं घराच्या आत, देव्हाऱ्याच्या दिशेनं, असा आईचा हुकूम होता, तशी लावली. गंजाचा डाग जिथल्या तिथं आहे. त्याला लिंबानं, मिठानं, चुन्यानं, कशानंच काही झालेलं नाही.

आता आई महिन्या-दोन महिन्यांनी येते आणि फ्रेमसमोरच्या खुर्चीत बसते. घरी कुणीही आलं, अगदी वीजमीटर बघणारा आला तरी, तिला राहवत नाही. "ही पावलं माझी," ती काठी वर करून दाखवते, "अन् तो लाल अंगठा आमच्या मास्तरांचा." त्या माणसाला वाटतं, म्हातारी गंमत करतेय. त्याला काय माहीत? विज्ञान घेऊन बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, पोरांना शिकवता शिकवता केस पिकले. आणि स्वतःच्या घरात, दर्शनी भिंतीवर, चांगल्यातल्या चांगल्या फ्रेममध्ये, ऊन-ओल लागू न देता पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशा बंदोबस्तात ठरलो अंगठाबहाद्दर!